डीईआयसी आणि अंगणवाडी: तपासणी चोख, रोजची थेरपी तोकडी

मूल तीन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा बसवलं की एका अंगाला कलंडतं. अशा घराला आपल्याकडे परवडणारी पहिली सोय म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. सिव्हिलमध्ये या लांबलचक नावाने विचारलंत तर शिपाईही गोंधळतो, 'डीईआयसी' म्हणा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे केंद्र. सेवा मोफत, वयोमर्यादा १८ वर्षं.

तपासणीसाठी या केंद्राला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही, अर्थात पदं भरलेली असतील तर. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाणी-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असणं अपेक्षित आहे. खाजगीत यासाठी पाच दारं आणि पाच फिया. मूल बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्या. ऐकूच कमी येत असेल तर स्पीच थेरपीचे सहा महिने वाया जातात, आणि मूल हाकेला वळतं म्हणजे त्याला सगळं ऐकू येतं असंही नाही. बेरा चाचणीला, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणाऱ्या तपासणीला, मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, येताना गाडीत डुलकी लागू देऊ नका. ही सूचना आधी न मिळाल्यामुळे कितीतरी चाचण्या पुढच्या तारखेवर जातात. झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

पोहोचायचे रस्ते दोन. कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असते. त्यांची संदर्भ चिठ्ठी घेऊन जा. पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर सहा महिने थांबू नका, सरळ केसपेपर काढा. जाताना जन्माच्या वेळचे कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड न्या. मूल कमी दिवसांचं होतं का, जन्मतः लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, हे प्रश्न हमखास येतात.

आता उणी बाजू. केंद्रात बहुतेक तज्ज्ञांचं पद एकेकच, म्हणजे स्पीच थेरपिस्ट अख्ख्या जिल्ह्याला एक. रोजची थेरपी इथे मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका. दूरच्या तालुक्यातून तर आठवड्याला येणंही जड जातं. म्हणून इथून थेरपी नाही, घरचा अभ्यास न्यायचा. 'व्यायाम चालू ठेवा' एवढंच लिहिलेला कागद घेऊन उठू नका. पुढच्या तारखेपर्यंतची दोन-तीन उद्दिष्टं लिहून मागा, अगदी साधी: 'भिंतीला पाठ न टेकता पाच मिनिटं बसणे', 'हवी ती वस्तू बोटाने दाखवणे'. व्यायाम थेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवा आणि परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रित करा. घरी एका दमात तासभर करण्यापेक्षा आंघोळ, जेवण, कपडे घालणं यांत दहा-दहा मिनिटं मुरवलेला अभ्यास टिकतो.

सगळ्यात मोठी गळती होते ती केंद्र आणि अंगणवाडी यांच्या मधे. दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. लवकर ओळखणं, सामावून घेणं आणि पुढे पाठवणं हे त्यानुसार अंगणवाडीच्या ताईंचंच काम. पण केंद्रात काय ठरलं ते ताईंपर्यंत पोहोचवायला पालकांखेरीज कुणी नसतं. कागदाची झेरॉक्स ताईंना द्या आणि तोंडी तीन गोष्टी सांगा. एक, बसायचं कसं: स्नायू कडक असलेलं मूल पाय दोन्हीकडे मागे दुमडून बसत असेल तर त्याला कोपऱ्याचा आधार किंवा छोटी खुर्ची हवी. दुसरी खाण्याची, आणि हीच सर्वांत जास्त दुर्लक्षित. चावता न येणाऱ्या मुलाला खिचडी मऊ कुस्करून, सरळ बसवून, छोट्या चमच्याने द्यायची. मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. जेवताना खोकला किंवा वारंवार छातीचे आजार होत असतील तर ते केंद्रात आवर्जून सांगा. तिसरी, सूचना: एका वेळी एकच, हातवाऱ्यासह, आणि उत्तरासाठी दहापर्यंत आकडे मोजायची सबुरी. चाळीस पोरांच्या गलक्यात ताईंना एवढंच झेपतं. थेरपीचा तक्ता भिंतीवर लावून कुणी वाचत नाही.

'आमच्याकडे असं मूल सांभाळायला माणूस नाही' असं सांगून अंगणवाडीत नकार मिळाला तर पर्यवेक्षिकेला आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मुंबईकरांना आणखी एक पर्याय आहे: वांद्र्याच्या अली यावर जंग या वाणी-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतलं, सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, २०२१ पासून. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणीसाठी आधी तिथेच चौकशी करावी.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. 'शिक्का बसेल' म्हणून तो लांबवणारे बरेच. पण निरामय या दिव्यांगांच्या आरोग्य विम्यासारख्या योजना त्यावाचून मिळत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलाचं प्रमाणपत्र सहसा तात्पुरतं असतं, तेव्हा मुदतीची तारीख पाहून ठेवा आणि शाळाप्रवेशाआधी नूतनीकरणाला लागा.