हरणाच्या शिकारीसाठी आवाज न करणारं जॅकेट: सप्टेंबर ते जानेवारी वापरल्यानंतर

आधी कामाचं सांगतो. धनुष्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणार असाल तर जॅकेट घेताना वॉटरप्रूफ आहे का, कॅमोचं (झाडापानांत मिसळून जाणारं) डिझाइन कुठलं, हे सगळं नंतर बघा. आधी बाहेरचं कापड नखाने खरवडा आणि कान जवळ नेऊन ऐका. चर्र असा आवाज आला तर परत हँगरला लावा, सेलमध्ये अर्ध्या किमतीत असलं तरी.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागात किकापू नदीच्या खोऱ्यात शिकार करतो, पब्लिक लँडवर. त्या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात, हिमनद्या तिथून गेल्याच नाहीत त्यामुळे टेकड्या आणि घळी जशाच्या तशा राहिल्यात, आणि ओक म्हणाल तर सगळीकडे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं मत आहे, इथली परिस्थिती वेगळी, इथे हरणं प्रचंड आहेत आणि सीझन, लायसन्स, टॅग (मारलेल्या हरणाची परवाना-चिठ्ठी) सगळं राज्य ठरवतं. धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीत जातो. म्हणजे एकाच सीझनमध्ये घामाने भिजवणारी दुपार पण मिळते आणि उणे पंधराची सकाळ पण.

आता आवाजाला एवढं महत्त्व का ते. बंदुकीवाला शंभर यार्डावरून मारू शकतो, कंपाउंड बो (चाकं बसवलेलं आधुनिक धनुष्य) घेऊन मचाणावर बसलेल्याला हरीण वीस यार्डांवर यावं लागतं. आणि ते आलं की मग तुम्ही हात उचलून दोरी मागे खेचणार, नेमकं तेव्हाच बाहीचं कापड छातीवर आणि बरगडीवर घासतं. दोन-तीन सेकंदांचं काम, पण सगळं त्यातच आहे. जॉर्जिया विद्यापीठात संशोधकांनी या हरणांचं ऐकणं मोजलंय, साधारण पाव किलोहर्ट्झपासून ३० किलोहर्ट्झपर्यंत त्यांना ऐकू येतं आणि ४ ते ८ किलोहर्ट्झला कान सगळ्यात तीक्ष्ण असतात. आपली वरची मर्यादा २०. नायलॉनची खरखर, झिपची किर्रकिर्र, हे सगळं उंच पट्टीतले आवाज. खाली पाचोळ्यात खार केवढा तरी दंगा करत असते आणि हरीण मानही वळवत नाही, कारण तो आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा आहे, पण नायलॉन नायलॉनवर घासल्याचा आवाज जंगलात दुसरं काहीच करत नाही. एकदा का चाहूल लागली की पुढचा पाय आपटतं, फुस्स करतं आणि शेपटी वर करून निघून जातं, आणि जाताना आजूबाजूच्या सगळ्यांना सावध करून जातं.

मी तीन गोष्टी सीझनभर आलटून पालटून घातल्या. एक घरातलंच बर्फात घालायचं वॉटरप्रूफ नायलॉनचं जॅकेट, एक शिकारीसाठीच बनवलेलं बर्बर फ्लीसचं जॅकेट ज्याच्या आत वारा अडवणारी मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, आहे, आणि एक जुना जाड वुलचा कोट, लाल-काळ्या चौकड्यांचा, सेकंडहँड घेतलेला. कंपन्यांची नावं देत नाही, कारण दरवर्षी मॉडेल बदलतात आणि शेवटी बघायचंय ते कापड.

नायलॉनवाल्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सप्टेंबरात सहन होतं, पण थंडी पडली की त्यातलं कोटिंग आणि लॅमिनेट ताठ होतं आणि प्रत्येक हालचाल वाजते. याच्यावरून एक कामाची गोष्ट कळली ती मात्र सगळ्यांनी करा: जॅकेट दुकानाच्या ऊबेत तपासून भागत नाही. रिटर्नची मुदत आहे तोवर एक रात्र बाहेर थंडीत टांगून ठेवा, सकाळी तिथेच घालून दोरी खेचल्यासारखा हात मागे न्या. २० डिग्रीला गप्प असलेलं कापड उणे १० ला वेगळंच बोलतं. आणि पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि वर गरम थर असतो, तेव्हा आवाज वर न जाता खाली वळतो आणि दरीतून लांबपर्यंत पोचतो, म्हणजे जॅकेट सगळ्यात जास्त वाजतं तीच वेळ आवाज सगळ्यात लांब जायची.

फ्लीसवालं जॅकेट हे माझं मुख्य जॅकेट झालं. बाहेरून मेंढीच्या लोकरीसारखं दाट, नख फिरवलं तर जवळजवळ काही नाही. पण आतल्या मेम्ब्रेनचा दबका आवाज आहे, कोपर पूर्ण दुमडला की येतो, नवीन असताना जास्त होता, वापरून आणि दोन-चारदा धुवून बराच कमी झाला. मेम्ब्रेन नसलेलं फ्लीस याहून शांत असतं पण त्यातून वारा आरपार जातो आणि टेकडीच्या माथ्यावर नोव्हेंबरात तीन तास बसणं अशक्य होतं, म्हणून मला हा सौदा मान्य आहे. तक्रार आहे ती काट्यांची. कुसळं, बर्डॉक नावाच्या झुडपाची काटेरी बोंडं, जे काही त्या रानात चिकटण्यासारखं आहे ते सगळं याला चिकटतं, आणि कोपराकडे कापड घासून आता धाग्यांचे गोळे आलेत. ४०० डॉलरच्या वरच्या कपड्याला इतक्या लवकर गोळे यायला नको होते. भुरभुरणारा बर्फ वरच राहतो आणि झटकता येतो, पण पाऊस लागला की पाणी धरतं आणि रात्रभर वाळत नाही.

झिपबद्दल वेगळं लिहितो कारण रिव्ह्यूमध्ये कोणी लिहीत नाही. कापड शांत आणि त्यावर लोंबणारे धातूचे झिप-पुलर, काय उपयोग! मी सगळे कापून पॅराकॉर्डचे (बारीक दोरीचे) तुकडे बांधले. खिशांना वेल्क्रो असेल तर ते जॅकेट घेऊच नका, वेल्क्रो हळू उघडायची कुठलीच युक्ती चालत नाही. मचाणावरून पडू नये म्हणून अंगात सेफ्टी हार्नेस घालून त्याचा पट्टा झाडाला बांधतात, तो बाहेर काढायला पाठीवर चीर आहे का तेही बघा, नसेल तर हार्नेस जॅकेटवरून घालावा लागतो आणि बकल्स पुढे येऊन धनुष्याला लागतात. हार्नेस मात्र घालायचाच, त्यात तडजोड नाही.

वुलचा कोट. याच्याबद्दल मला खरं प्रेम आहे. दाट विणीचं मॅकिनॉ कापड, आणि थंडीने त्यात काहीच फरक पडत नाही, उणे पंधराला तितकंच मऊ जितकं घरात. वुल स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊन घेतं तरी अंगाला ओलं लागत नाही, आपल्या धनगरांच्या घोंगडीचं जे तेच याचं, रिमझिम वरच्यावर झटकून टाका आणि बसा. फिल्सन कंपनीने मॅकिनॉ क्रूझरचं पेटंट १९१४ साली घेतलं आणि तो कोट अजून विकला जातो, यावरून या कापडाचं काय ते समजा. तोटा वजनाचा, भिजला तर आणखी, आणि दुसरा तोटा धनुष्यवाल्यांनाच आहे: बाही जाड आणि ढगळ, सुटलेली दोरी बाहीला लागली तर बाण भरकटतो. मी डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत आर्मगार्ड बांधतो, बाही दबून राहते. ज्यांना नवीन ४०० डॉलर घालायचे नाहीत त्यांनी मिलिटरी सरप्लसची वुलची पँट आणि असा एखादा जुना कोट घ्यावा, फ्लीसपेक्षा जड पण शांततेत जराही कमी नाही.

कुठलंही घेतलंत तरी मचाणापर्यंत ते घालून चालत जाऊ नका. सॅकला बांधून न्या, वर चढून घाम वाळू द्या, मग घाला. घामाने भिजलेला माणूस तासाभराने कुडकुडायला लागतो आणि कुडकुडणारा माणूस कुठल्याही कपड्यात शांत बसत नाही.

धुण्याचं: साध्या डिटर्जंटमध्ये कपडे उजळ दिसावेत म्हणून जे ब्राइटनर असतात ते अतिनील प्रकाशात चमकतात, आणि हरणाला आपल्यासारखा लाल-केशरी दिसत नसला तरी निळा आणि त्यापलीकडचा छान दिसतो. म्हणून ब्राइटनर नसलेला, वास नसलेला साबण. वुल थंड पाण्यात हाताने, आणि उन्हाळ्यात कसर लागू नये म्हणून बंद डब्यात.

आणि हो, ऑरेंज, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्यांना तुम्ही लांबून दिसावेत म्हणून घालायचा भडक केशरी रंग. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबर अखेरचा अमेरिकन सण) आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो, तेव्हा धनुष्यवाल्यांनाही कंबरेच्या वरचे निदान ५० टक्के कपडे ब्लेझ ऑरेंज लागतात, विस्कॉन्सिनमध्ये २०१६ पासून फ्लोरेसंट गुलाबीही चालतो. माझा लाल-काळा कोट यात बसत नाही, त्यावर काहीतरी घालावंच लागतं, आणि लोक इतकं महाग शांत जॅकेट घेऊन त्यावर दहा डॉलरची प्लॅस्टिकसारखी कुरकुरणारी व्हेस्ट चढवतात. ऑरेंज रंगाची फ्लीसची व्हेस्ट मिळते, थोडी महाग पडते. तीच घ्या, एक साइज मोठी, म्हणजे कोटावरून जाईल आणि दोरी खेचताना खांद्यात अडकणार नाही.