‘संशोधनासाठी निवड झाली’ असं सांगून पैसे घेतात : ठाण्यातला आमचा अनुभव

आमच्या ह्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, वजन जास्त आहे आणि घोरणं बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतं. अशा माणसाला गाठणं या लोकांना फार सोपं जातं. पाचपाखाडीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत साखर तपासणीचं शिबिर होतं. बोटाला टोचून झाल्यावर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा ह्यांच्या शेजारी येऊन बसला. “काका, घोरता का? दुपारी पेंग येते? रात्री लघवीला उठावं लागतं?” सगळ्याला ‘हो’ आल्यावर म्हणाला, मधुमेह आणि झोपेत अडणारा श्वास यावर मोठं संशोधन चालू आहे, तुमचं नाव पाठवतो. पुढच्याच आठवड्यात ‘निवड झाली’ म्हणून फोन आला.

मग पैसे सुरू झाले. आधी ४,५०० रुपये ‘अनामत’, अभ्यास संपला की परत मिळणारी. त्यावर एका रात्रीसाठी बोटाला लावायचं यंत्र दिलं. रिपोर्ट आला, त्यात तासाला ४६ वेळा श्वास अडतो, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया आहे असं लिहिलेलं. घाबरलेल्या माणसाला लगेच पुढचा प्रस्ताव : सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) बाहेर महाग आहे, संशोधनात भाग घेणाऱ्यांना ६८,००० रुपयांत. पावतीवर ‘संशोधन सहभाग शुल्क’ एवढंच लिहिलं, मशीनचं नाव नाही, कंपनी नाही, करही नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा, की त्यांचं सगळं बोलणं खोटं नव्हतं. झोपेत घसा आवळला जाऊन श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर दचकून जागं होतं, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, यकृत साखर सोडतं आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. हे रात्रभर चालतं. मधुमेह आणि स्लीप अ‍ॅप्निया यांचा संबंध खरा आहे, आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २००८ मध्येच डॉक्टरांना याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. ‘१०० पैकी ८६ मधुमेहींना हा त्रास असतो’ असं तो मुलगा सांगत होता. हा आकडाही २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातला आहे. पण त्यातले सगळे टाइप २ मधुमेही लठ्ठ होते, सरसकट मधुमेही नव्हते. हे वाक्य तेवढं त्यानं गाळलं.

आणि मग त्यांच्या ‘डॉक्टरां’नी ह्यांना सांगितलं, मशीन लावलं की साखर आपोआप खाली येते, मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी हळूहळू बंद करा, नाहीतर अभ्यासाचे निष्कर्ष बिघडतील. पैशापेक्षा मला हे भयंकर वाटतं. सीपॅपनं दिवसाची झोप, थकवा कमी होतो, रक्तदाबालाही थोडा फायदा होतो. एचबीए१सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवर, मात्र चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत : काहींत थोडा फरक दिसला, काहींत काहीच नाही. त्याच्या भरवशावर कोणताही जबाबदार डॉक्टर चालू गोळी थांबवत नाही. ह्यांची उपाशीपोटीची साखर २६० वर गेली तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं आणि प्रकरण उघडं पडलं.

त्यांनी तो रिपोर्ट बघितल्याबरोबर बोट ठेवलं. त्यात गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती, याचे रंगीत पट्टे होते. अहो, डोक्याला एक तार लावलेली नव्हती! साध्या पल्स ऑक्सिमीटरला प्राणवायू आणि नाडी एवढंच कळतं, मेंदूच्या लहरी कुठून कळणार? खाली सही होती, पण महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता. नंतर प्रयोगशाळेत रात्रभर तारा लावून रीतसर तपासणी केली, तेव्हा तासाला श्वास अडण्याचा आकडा १८ आला. १५ ते ३० म्हणजे मध्यम. आजार आहेच, आणि त्याची काळजी घ्यायलाच हवी, पण तो घाबरवण्यासाठी फुगवला होता. तिथल्या तंत्रज्ञानं आमच्या मशीनचा मेनू उघडून वापराचे तास दाखवले, तर ते मशीन आमच्याकडे यायच्या आधीच कुणीतरी वर्षभर वापरलेलं.

खऱ्या संशोधनात हे असं होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की संशोधनासाठी म्हणून केलेल्या तपासण्यांचा खर्च सहभागी माणसावर टाकायचा नाही. उलट येण्याजाण्याचा खर्च ते देतात. तुमच्या भाषेतलं संमतीपत्र वाचायला मिळतं, त्याची प्रत घरी न्यायला मिळते, नैतिकता समितीचं नाव आणि फोन त्यावर असतो. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया ही यादी कुणालाही फुकट शोधता येते. औषधांच्या चाचण्यांना तिथं १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि इतरही अनेक अभ्यास तिथं नोंदवलेले असतात. आमच्या कागदावरचा ‘नोंदणी क्रमांक’ तिथं टाकला, तर काहीच आलं नाही. संमतीपत्राच्या जागी अनामत परत मिळण्याच्या अटींचं एक पान होतं, त्यावरच ह्यांची सही घेतलेली.

फोन आता बंद आहे आणि त्या गाळ्याला कुलूप आहे. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय आणि ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि यूपीआयनं पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा. ठाणे, कळवा, ऐरोली भागात ‘संशोधन सहभाग शुल्क’ लिहिलेली पावती आणखी कुणाकडे असेल तर ती, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट आणि तो रंगीत रिपोर्ट जपून ठेवा आणि मला कळवा. एकेकट्या तक्रारीपेक्षा सगळ्यांचे कागद एकत्र द्यायचे आहेत. आणि कुणाला गोळी बंद करायला सांगितली असेल, तर पावती राहू द्या, आजच आपल्या डॉक्टरांना भेटून साखर तपासा.