रातकिडे, झुरळे आणि माझी हिशेबाची वही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या पाळीव सरड्याला खाऊ घालण्यासाठी गेल्या आठवड्यात आलेल्या 500 रातकिड्यांच्या खोक्यात 182 मेलेले निघाले. वहीत नोंद करायची असल्यामुळे मी ते चिमट्याने एकेक करून वेगळे काढले आणि मोजले. विक्रेत्याची जिवंत पोहोचण्याची हमी होती, मात्र खोके हाती पडल्यापासून दोन तासांच्या आत फोटो पाठवला तरच. माझी मोजणी संपायलाच अडीच तास लागले होते. वास्तविक हे खोके अडीअडचणीला म्हणून मागवले होते आणि रातकिड्यांबद्दलचे माझे मत त्याआधीच बनलेले होते, पण या प्रसंगानंतर ते लिहून काढावेसे वाटले.

हा सरडा, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि दिवसातून तीन वेळा, दर खेपेस दहा-बारा किडे फस्त करत असे. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, हा नियम पाळायचा तर बारीक किडे घ्यावे लागतात, आणि नगाचा भाव पाहिला तर त्यांत रातकिडेच सर्वांत स्वस्त दिसतात. मी त्या भावाला भुललो. पहिल्या तीन महिन्यांत मी 4,000 रातकिडे घेतले आणि त्यांतील 1,310 सरड्याच्या तोंडापर्यंत पोहोचलेच नाहीत. रातकिड्याला मरायला निमित्त पुरते: हवा दमट झाली, गर्दी वाढली, पाण्याचे झाकण जरा खोल निघाले, की तो गेलाच. प्रथिने कमी पडली तर ते एकमेकांना खातात. एका सकाळी मागचे दोन्ही पाय गमावलेला एक रातकिडा अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यात अजून मिशा हलवत होता आणि दोघे त्याचे पोट कुरतडत होते. मेलेले वेळीच उचलले नाहीत तर डब्याला जी दुर्गंधी सुटते, तिचे वर्णन टाळतो. शिवाय न खाल्लेले रातकिडे रात्री सरड्यालाच चावतात, त्यामुळे संध्याकाळी ते शोधून काढण्याचे कामही माझ्याकडेच आले.

चौथ्या महिन्यात डुबिया झुरळांची वसाहत सुरू केली: वीस माद्या, सात नर, उभे ठेवलेले अंड्यांचे ट्रे आणि तीस अंशांच्या आसपास ऊब. ही झुरळे गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढू शकत नाहीत, आवाज करत नाहीत आणि मरण्याची घाईही करत नाहीत. मादी पिल्लांनाच जन्म देते, पण ती मोठी व्हायला चार ते सहा महिने लागतात, आणि इथेच माझी चिक्कू वृत्ती नडली. पैसे लवकर वसूल करण्याच्या नादात मी पहिलीच पिल्ले सरड्याला खाऊ घातली, त्यामुळे वसाहत दोन महिने जागची हलली नाही. त्यांच्या खाण्याचा खर्चही मी धरला नव्हता. किड्याच्या पोटात जे असते तेच सरड्याला मिळते, म्हणून आदल्या दिवशी तरी त्यांना चांगला पाला आणि गाजर द्यावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे मी तेव्हा वहीत रागाने लिहिले आहे. त्यातही संताप असा, की जो पाला सरडा नाक मुरडून सोडून देतो, तोच झुरळे रातोरात शिरांसकट संपवतात.

हे लिहायला घेतले तेव्हा मीलवर्मला, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्यांना, नापास करण्याचा माझा विचार होता. कवच जास्त, चरबी जास्त, वाढत्या सरड्याला रोजचा आहार म्हणून ते योग्य नाहीत, हे मत आजही कायम आहे. परंतु वही पुन्हा चाळल्यावर दिसले, की फुकट जाण्याचे प्रमाण सर्वांत कमी त्यांचेच आहे. कोंड्यासह फ्रीजमध्ये ठेवले की ते कित्येक आठवडे अळीच्याच अवस्थेत राहतात, आणि रातकिड्यांचे खोके आडवे झाले त्या दिवशी वेळ त्यांनीच भागवली. सुपरवर्म, म्हणजे तशाच पण मोठ्या अळ्याही, तसेच ठेवावेत असे कुणाला वाटेल, तर ती चूक करू नये. थंडीने ते मरतात. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्यांमध्ये मुळातच भरपूर कॅल्शियम असल्याने कॅल्शियम पावडरचा खर्च वाचतो, मात्र आमच्या सरड्याने त्या दोनदा खाऊन तोंड फिरवले आणि उरलेल्यांच्या माश्या झाल्या.

बाकी किड्यांना कॅल्शियम पावडर लावण्यात काटकसर करू नये. त्यांच्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, तर सरड्याला प्रमाण साधारण दोनास एक असे उलट लागते. पावडर आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा यांत हयगय झाली तर वाढत्या वयात हाडे मऊ पडतात. मी पावडर बशीत शिंपडत असे, तेव्हा निम्मी तळाशीच राहायची. झाकणाच्या डब्यात किडे हलवून घेतले की चिमूटभर पुरते.

आता सरडा दहा महिन्यांचा आहे, दिवसातून एकदाच किडे खातो, आणि पुढे त्याच्या ताटात पालाच जास्त असायला हवा. म्हणजे वसाहत भरात आली आणि गिऱ्हाईक आटले. ट्रे उचलला की झुरळे इतक्या वेगाने पांगतात, की वहीतल्या त्यांच्या रकान्यात या महिन्यात मी आकडा न घालता ‘पुरेशी’ एवढेच लिहिले आहे.