मॉरिशसची मार्लिन बोट : जुलैत दोन स्टार, फेब्रुवारीत चार

मार्लिन म्हणजे भाल्यासारख्या लांब चोचीचा भलामोठा समुद्री मासा, तो गळाने पकडायला नेणाऱ्या बोटीचा हा रिव्ह्यू मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिल्यांदा दोन स्टार दिले होते आणि तावातावात बरंच काही लिहिलं होतं, त्यातलं निम्मं अजूनही खरं आहे पण उरलेल्या निम्म्यात चूक माझीच होती हे आता कळलंय. बोट तीच, कप्तान तोच, जेट्टी तीच, मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ब्लॅक रिव्हर, बदलला फक्त महिना. बोटीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि तिथल्या बऱ्याच बोटींचा कारभार थोड्याफार फरकाने असाच चालतो असं तिथे जाऊन आलेले सांगतात.

आधी जुलैची गोष्ट. सुट्टी जुलैत मिळाली म्हणून जुलैत गेलो, एवढंच प्लॅनिंग. वेबसाइटवर एक तक्ता होता, बारा महिने आणि समोर माशांची नावं, मार्लिनपुढे बाराही महिन्यांत बरोबरची खूण. मी म्हटलं चला, मासा वर्षभर असतो, आपण कधीही जाऊ. मेहुणा तेव्हाच म्हणाला होता, "दाजी, सगळ्याच महिन्यांत टिक आहे म्हणजे कोणीतरी टिक करताना बघितलेलंच नाही." ऐकलं नाही.

सकाळी सातला निघालो. खाडीतून बाहेर पडेपर्यंत पाणी तळ्यासारखं, उजेड येतोय, समोर ल मॉर्नचा डोंगर, फोटो वगैरे झाले. पश्चिम किनारा आडोशाचा आहे, जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून जो व्यापारी वारा सलग वाहतो तो बेटाच्या डोंगरांनी अडतो, म्हणून तर सगळ्या बोटी याच बाजूला. पण आडोसा ल मॉर्नच्या टोकापर्यंतच. ते टोक ओलांडलं आणि वारा कोपऱ्यावरून वळून जो अंगावर आला, त्यात तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे याच महिन्यांत, नैऋत्येकडून लांब लाटा येतात त्या वेगळ्याच (शेजारच्या तामारिनला सर्फिंगवाले याच दिवसांत गर्दी करतात, तिथेच मला शंका यायला हवी होती). वारा एकीकडून, लाट दुसरीकडून, बोट मधे आणि वर डिझेलचा वास. मेहुण्याचा पोरगा आधी पिवळा मग हिरवा पडला, बायको डोळे मिटून बसली, मी उगाच क्षितिजाकडे बघत बसलो कारण कुठेतरी वाचलं होतं.

सहा तासांत काय मिळालं? दोन बोनिट, म्हणजे स्किपजॅक ट्यूना, हाताच्या कोपराएवढे. बस. मार्लिनचं नावही नाही. कप्तानाला विचारलं तर खांदे उडवून म्हणाला की जुलैत मार्लिन असतो, पण आठवडाभरात एखादा दिसला तर दिसला. हे पैसे घेताना सांगायचं ना बाबा! चौघांत वाटूनसुद्धा माणशी दोन रात्रींच्या हॉटेलाएवढे पैसे गेले होते.

घरी आल्यावर रागाने रिव्ह्यू ठोकला आणि मग रागानेच वाचायला बसलो की बाकीचे लोक नेमके कधी जातात. तेव्हा कळलं की बेटांवर फिशिंगला जायचं तर बेट नंतर निवडायचं. आधी मासा ठरवायचा, मग महिना, मग बेट आपोआप ठरतं. मी नेमकं उलटं केलं होतं.

मॉरिशसचं साधारण असं: निळा आणि काळा मार्लिन, आणि सेलफिश (पाठीवर शिडासारखा पर असलेला तसाच चोचवाला मासा) नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा तिथे उन्हाळा आणि पाणी सत्तावीस-अठ्ठावीस डिग्रीला असतं. वाहू, म्हणजे सुरमईचा लांबोडा आडदांड चुलत भाऊ, त्याचे दिवस सप्टेंबर ते डिसेंबर. यलोफिन ट्यूना मार्च ते मे जोरात. डोराडो, म्हणजे सोनेरी-हिरवा माही-माही मासा, उन्हाळ्यातच जास्त. बोनिट बाराही महिने, तेवढी टिक खरी होती. आणि ही जागा चांगली का, तर रीफ (किनाऱ्यालगतची प्रवाळाची रांग) ओलांडली की जेमतेम मैलभरात तळ पाचसहाशे मीटर खाली जातो. बाकी ठिकाणी एवढ्या खोलीसाठी दोन-तीन तास बोट हाकावी लागते, इथे जेट्टीवर प्यायलेला चहा पोटात गरम असतो तोवर गळ पाण्यात. प्रवाह त्या उभ्या कड्यावर आपटून वर येतो, बारके मासे तिथे जमतात, त्यांच्यामागे बोनिट आणि बोनिटच्या मागे मार्लिन.

तर फेब्रुवारीत परत गेलो. त्याच बोटीवर कशाला, असं बायकोनेही विचारलं. कारण माणूस वाईट नव्हता, तक्ता वाईट होता. आणि खरं सांगायचं तर जुलैत त्याने त्या लाटांत बोट ज्या पद्धतीने हाकली होती ते बघून त्याच्यावर भरवसा बसला होता.

फेब्रुवारीची अडचण वेगळी, चक्रीवादळं. मॉरिशसला हवामान खातं क्लास वन ते क्लास फोर अशा वॉर्निंग देतं, चौथी म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत बेटावर नोंदले गेलेत आणि अजून येणार आहेत. आमच्या पहिल्या बुकिंगच्या आदल्या संध्याकाळी क्लास वन लागला. कप्तानाने स्वतः फोन करून ट्रिप रद्द केली, पैसे परत हवेत की तारीख बदलायची असं विचारलं, वाद नाही, घासाघीस नाही. एक स्टार तिथेच वाढला. म्हणून सांगतो, या दिवसांत जाणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचं बुकिंग घ्या, म्हणजे पुढे ढकलायला दिवस उरतात. शेवटच्या दिवसाचं घेतलं आणि वादळ आलं तर गेलंच.

तीन दिवसांनी निघालो. समुद्र वेगळाच, जाडसर, संथ, तेलासारखा. पहिला तास-दीड तास बारीक गळांवर बोनिट पकडण्यात गेला आणि मी मनात म्हटलं झालं, पुन्हा जुलै. पण यावेळी बोनिट खायला नव्हते, आमिष होते. हा भाग मी अगदी जवळून बघितला. डेकवरच्या पोऱ्याने बोनिट ओल्या कापडात धरला, मोठी सुई दोऱ्यासकट त्याच्या डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या बाजूने आरपार काढली, डोळ्याला धक्का नाही, दोऱ्याचा पीळ देऊन मोठा गळ कपाळावर बांधला आणि मासा परत पाण्यात, हे सगळं मला वाटतं वीस सेकंदांत. मासा जिवंत, तरतरीत, पोहतोय. राखीव बोनिट मागच्या बाजूला उभ्या पाइपमध्ये डोकं खाली करून ठेवलेले, खालून पाण्याची धार तोंडातून कल्ल्यांवर जाते म्हणून जगतात. पोऱ्या वयाने विशीचा असेल, हात सोनाराचे.

मग बोट अगदी हळू. नुसते रबराचे रंगीत ल्यूर, म्हणजे नकली आमिष, ओढताना आठ-नऊ नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) वेग असतो, जिवंत आमिषाला दोन-तीनच्या वर नाही. साडेदहाच्या सुमारास त्या बोनिटची हालचाल बदलली, दांडीचं टोक थरथरायला लागलं, कप्तान वरून ओरडला "एस्पेरे, एस्पेरे", म्हणजे थांबा, आणि पोऱ्याने रीलवर नुसता अंगठा ठेवून दोर जाऊ दिला, तो जात राहिला, जात राहिला, मला वाटलं आता बस की. मग ब्रेक चढवला आणि रील जे किंचाळलं ते अजून कानात आहे. शंभरेक मीटरवर मासा पाण्याबाहेर आला. चोच, पाठ, सगळा निळा, अंगावर फिकट पट्टे पेटल्यासारखे, आणि आवाज नंतर आला.

मासा ओढायच्या फिरत्या खुर्चीत मेहुणा, कारण पहिला नंबर चिठ्ठीने त्याचा. पन्नास मिनिटं. आधी हसत होता, मग गप्प झाला, मग "दाजी, पाणी" एवढंच. मी त्याच्या डोक्यावर बाटली ओततोय, पोरगा खुर्ची फिरवतोय, कप्तान बोट मागे घेतोय. शेवटी पोऱ्याने हातमोजे घालून लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोर, पकडला, चोच धरली, गळ काढला, बोट हळू पुढे घेत माशाच्या तोंडातून पाणी जाऊ दिलं आणि सोडला. वजन अंदाजे दीडशे किलो, अंदाजच, काटा लावला नाही. कप्तानाच्या मते नर असावा, कारण नर साधारण एवढ्यावरच थांबतात, चारशे-पाचशे किलोंच्या ज्या राक्षसिणी असतात त्या सगळ्या माद्या.

सोडायचा हे आम्ही आधीच सांगितलं होतं आणि हे बुकिंग करतानाच सांगा, लिहून. निळा मार्लिन आययूसीएन या निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत असुरक्षित गटात आहे, आणि दुसरं म्हणजे मॉरिशसला बहुतेक बोटींचा अलिखित नियम असा की पकडलेला मासा बोटीचा, तुमचा नाही. जुलैत हे मला माहीत नव्हतं, दोन बोनिट पिशवीत घालून निघालो तेव्हा पोऱ्याने नम्रपणे पिशवी काढून घेतली आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. यावेळी नंतर एक डोराडो मिळाला, त्याचे दोन तुकडे मागून घेतले, हसत दिले.

आता उरलेल्या तक्रारी, एक स्टार उगाच कापलेला नाही. वेबसाइटवरचा तो तक्ता अजून तसाच आहे, बाराही टिका. सावली फक्त कप्तानाच्या डोक्यावर आणि आत केबिनमध्ये, मागे डेकवर सहा तास ऊन. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट एकच होती. चारपैकी एका रीलचा ब्रेक अडखळत सुटतो, असा अडखळला की दोर तुटतो, कप्तानाला दाखवलं तर म्हणाला माहितीये. माहितीये तर बदल की. आणि ज्यांना रेकॉर्डबिकॉर्डची हौस आहे त्यांच्यासाठी, दांडी पोऱ्याने उचलून गळ लावून मग तुमच्या हातात दिली तर आयजीएफए (गळाच्या मासेमारीचे जागतिक रेकॉर्ड ठेवणारी संस्था) हिच्या नियमात तो मासा तुमचा धरत नाहीत, सुरुवातीपासून तुम्हीच धरायला हवी. आम्हाला काही फरक पडत नव्हता.

ज्यांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळते त्यांनी मार्लिनसाठी हवाईला कोना गाठावं, मॉरिशस नको. तिथे मौना लोआ आणि हुआलालाई हे दोन ज्वालामुखी व्यापारी वारा अडवून धरतात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र खोल आणि बऱ्यापैकी शांत, आणि निळ्या मार्लिनचा जोर नेमका जून ते ऑगस्ट. १,३७६ पौंडांचा पॅसिफिक निळा मार्लिन १९८२ मध्ये तिथलाच. दिवाळीच्या आसपास मोकळे असाल आणि खिसा जड असेल तर ऑस्ट्रेलियात केर्न्सपासून लिझर्ड आयलंडपर्यंत, ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेला, सप्टेंबर अखेर ते डिसेंबरची सुरुवात, काळ्या मार्लिनच्या मोठ्या माद्या तेव्हाच येतात. सेशेल्सला मे ते सप्टेंबर तोच आग्नेय वारा झोडपतो, दोन वाऱ्यांच्या मधले एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर शांत. कॅरिबियन बेटांचं हरिकेन कॅलेंडर १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात गेलात तर विमा काढून जा. आणि सोबत लहान पोरं, आईवडील, उलटीवाले असतील तर हे सगळं सोडून मालदीव, डिसेंबर ते एप्रिल, विषुववृत्ताच्या इतकं जवळ असल्याने वादळांचा त्रास फारसा नाही, संध्याकाळी बोट रीफजवळ नांगरून नुसत्या हातदोरीने तांब, हेकरू पकडायचे, दांडी नाही खुर्ची नाही, पाच वर्षांच्या पोरालाही मासा लागतो. शार्कला मात्र हात लावायचा नाही, तिथे २०१० पासून बंदी आहे.

उलटीच्या गोळीचं राहिलंच. सकाळी जेट्टीवर घेतली तर उपयोग नाही, आदल्या रात्री एक आणि निघायच्या तासभर आधी एक, डॉक्टरला विचारून. फेब्रुवारीत पोराला अशीच दिली, पठ्ठ्या सहा तास टुणटुणीत होता आणि परतताना वर जाऊन कप्तानाशेजारी उभा राहिला. कप्तानाने त्याला दहा मिनिटं सुकाणू धरू दिलं. आता पुढच्या वर्षीचा महिना तोच ठरवणार म्हणतोय, वाहूसाठी ऑक्टोबर की यलोफिनसाठी एप्रिल यावर घरात अजून मारामारी चालू आहे.