आरसी कार्डाची मागची बाजू मी पाहिली नाही

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात मी लग्नकार्याचा आणि सप्ताहाचा स्वयंपाक करून देण्याचा व्यवसाय करतो. दहा-बारा गंज म्हणजे मोठी पातेली, चार शेगड्या, झारे, कढया आणि सोबतची सहा माणसे एवढा पसारा प्रत्येक कामाला हलवावा लागतो. भाड्याच्या वाहनात मजुरीचा मोठा हिस्सा जात असल्यामुळे २०२३ च्या दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न आटोपून लग्नसराई सुरू होण्याआधी, जुनी ईको व्हॅन घ्यावी असे आम्ही घरात ठरवले. हाताशी लाखभर रुपये होते. बाकीचे कर्ज काढायचे होते, आणि अडचण नेमकी तेथेच होती.

माझे सिबिल, म्हणजे आधीची कर्जे कशी फेडली यावरून ठरणारा आकडा, खराब आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी गेली, पीककर्ज थकले, आणि व्याजासह आकडा दोन लाखांच्या वर गेल्यामुळे २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत माझे खाते बसले नाही. पुढे बँकेने एकरकमी तडजोड करून काही रक्कम सोडली, मी उरलेली भरली आणि सुटलो असे समजलो. प्रत्यक्षात तडजोडीने मिटलेले खाते अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, पूर्ण फेडलेल्या खात्यासारखे ‘क्लोज्ड’ म्हणून नाही, आणि हा फरक तडजोडीच्या कागदावर सही घेताना मला कोणी सांगितला नव्हता. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर माझा आकडा सहाशेच्याही खाली होता. दोन बँकांनी आणि एका वित्त कंपनीने मला दारातूनच परत पाठवले.

अशा वेळी तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या पुढे, जुन्या गाड्यांच्या शेडवर लावलेला ‘सिबिल नसले तरी गाडी’ हा फलक मला दिसला. शेडचा मालक तिशीतला होता आणि बोलण्यात फार गोड होता. माझी सगळी हकिगत ऐकून तो म्हणाला, “भाऊ, सिबिलचं टेन्शन तुमी काऊन घेता? आमच्या कंपनीले सिबिल लागतच नाई. तुमाले फक्त हप्ता टायमावर द्याचा हाय.” तीन ठिकाणी नकार ऐकल्यानंतर हा होकार कानाला इतका बरा वाटला, की कंपनीचे नाव काय, कर्ज कोणाच्या नावावर होणार, यातले काहीही विचारण्याचे धाडस मला झाले नाही. जास्त विचारले तर हाही नाही म्हणेल, अशी भीती मनात होती. त्याचा सगळा धंदा या भीतीवरच चालतो, हे मला फार उशिरा कळले.

ईकोची किंमत तीन लाख दहा हजार ठरली. नव्वद हजार रुपये मी रोख दिले. त्याशिवाय आठ हजार रुपये ‘फाइल चार्ज आणि सिबिल क्लिअर’ या नावाखाली गेले. सिबिलचा खरा इतिहास पैसे घेऊन कोणालाही पुसता येत नाही. नोंद चुकीची असेल तरच ती दुरुस्त होते, त्यासाठी तक्रार आपली आपण विनामूल्य करता येते, आणि अहवालही वर्षातून एकदा फुकट मिळतो. उरलेल्या दोन लाख वीस हजारांवर बारा टक्के व्याज लावून छत्तीस महिन्यांचा ८,३०० रुपयांचा हप्ता त्याने कॅल्क्युलेटरवर माझ्यासमोर काढून दाखवला. बारा टक्के ऐकून मला समाधान वाटले. हे व्याज पूर्ण रकमेवर पूर्ण तीन वर्षे लावलेले होते, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज कमी होत नव्हते. घटत्या शिलकीवर मोजले तर तोच दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. पण ही फसवणुकीची फक्त किनार होती.

शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर करारनामा झाला. मालकी बदलण्याच्या अर्जांना टीटी फॉर्म म्हणतात, त्यांपैकी ३० क्रमांकाच्या कोऱ्या नमुन्यावर माझी सही घेतली गेली, दोन कोरे धनादेश घेतले गेले आणि आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डाची, लॅमिनेट केलेली झेरॉक्स माझ्या हातात पडली. “नाव चढवाले दोन-तीन महिने लागते, भाऊ, आरटीओत गर्दी हाय,” असे त्याने सांगितले. आरसीच्या झेरॉक्सवर कार्डाची एकच बाजू होती. माझ्या पत्नीने घरी ती उलटसुलट करून पाहिली आणि मागच्या बाजूला काय आहे असे विचारले. मागे काही नसते, असे उत्तर मी तिला दिले, आणि ते उत्तर मी कोठून आणले हे मला आजही सांगता येत नाही.

हप्ता मी दर महिन्याच्या पाच तारखेला भरत होतो. पहिले चार हप्ते शेडवर जाऊन रोख दिले, ज्याची नोंद त्याच्या लाल वहीत झाली आणि माझ्या हाती काहीच आले नाही. पुढचे पाच हप्ते फोनपेने एका व्यक्तीच्या खात्यावर पाठवले. वित्त कंपनीचा हप्ता व्यक्तीच्या खात्यावर का जातो, हा प्रश्न माझ्या मुलाने एकदा विचारला होता. नाव कधी चढेल, असे मी विचारले की प्रत्येक वेळी ‘पुढच्या कॅम्पात’ हे उत्तर मिळे.

२०२४ च्या श्रावणात, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, शेजारच्या गावच्या सप्ताहातला काल्याचा स्वयंपाक आटोपून आम्ही परत येत होतो. दोन मोटारसायकली आडव्या लागल्या. चार जणांनी गाडी थांबवली, मोबाइलवरच्या यादीशी क्रमांक ताडून पाहिला आणि आम्हाला खाली उतरायला सांगितले. त्यांनी शिवीगाळ केली नाही. आमचे सामान त्यांनी आम्हालाच उतरवायला लावले. रस्त्याकडेच्या बाभळीखाली गंजांची चळत लागली, एका गंजात उरलेली वांग्याची भाजी होती आणि झाकण गाडीतच राहिल्यामुळे तिच्यावर धूळ बसत होती. नऊ हप्ते वेळेवर भरले आहेत, हे मी हात जोडून सांगितले. त्यांच्यातला वयाने मोठा माणूस म्हणाला, “भाऊ, कर्ज तुमच्या नावावर नाई, गाडी बी तुमची नाई. मंग तुमच्याशी बोलून आमी काय करू?” ती वित्त कंपनीची वसुलीची माणसे होती; त्याने दिलेल्या ताबा पावतीवर कर्जदार म्हणून दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका अनोळखी माणसाचे नाव होते.

त्या संध्याकाळी मुलाने मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला. गाडीवर वित्त कंपनीचा बोजा होता, म्हणजे गाडी तिच्या कर्जाला तारण होती, आणि ही माहिती मिळायला दोन मिनिटेही लागली नाहीत. नव्या पद्धतीच्या आरसी कार्डावर कर्ज देणाऱ्याचे नाव मागच्या बाजूला छापलेले असते. झेरॉक्समधून नेमकी तीच बाजू गाळलेली होती.

मूळ मालकाला हप्ते झेपेनात, तेव्हा शेडवाल्याने त्याच्याकडून ‘पुढचे हप्ते आम्ही भरू’ असे सांगून गाडी घेतली होती. ती मला दिली, माझे नऊ हप्ते स्वतः ठेवले आणि कंपनीला एकही भरला नाही. माझ्या नावाने कर्ज कधी झालेच नव्हते, त्यामुळे माझे सिबिल लागले नाही, हे मात्र त्याचे खरे होते. आरटीओतली गर्दी हीही थाप होती, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार कर्जाखालच्या गाडीच्या आरसीवर मालकबदलाची नोंद कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय होतच नाही. करारनामा वकिलांना दाखवला, तेव्हा त्यांनी त्यातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्यात गाडी ‘विकली’ असे कोठेही नव्हते. ‘वापरण्यास दिली’ असे लिहिले होते.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ही दिवाणी बाब आहे असे सांगण्यात आले. नंतर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, तेव्हा चौकशी सुरू झाली. कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचाही विचार केला, पण मी त्या कंपनीचा ग्राहकच नव्हतो. माझे एकूण १,७२,७०० रुपये गेले. त्यांपैकी फोनपेचे ४१,५०० रुपये मला पुराव्यानिशी दाखवता येतात, बाकी सगळे शेडवाल्याच्या लाल वहीत आहे. गावातल्या दोन प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीने चाळीस हजार परत मिळाले.

आपल्या भागात ‘चालू हप्त्याची गाडी’ हा व्यवहार इतका रूढ आहे, की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. कर्जाखालची गाडी घ्यायचीच असेल तर आधीचे कर्ज आपल्या पैशातून थेट कंपनीच्या खात्यावर फेडावे, कंपनीचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा ३५ क्रमांकाचा सही-शिक्क्याचा नमुना हातात घ्यावा, आणि त्यानंतरच विकणाऱ्याला उरलेली रक्कम द्यावी. नवे कर्ज आपल्याच नावावर असावे, बोजाही आपल्याच आरसीवर चढावा आणि हप्ता आपल्या खात्यातून कंपनीला जावा. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याला कर्जाच्या मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावेच लागते आणि त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पत्रक मागितल्यावर समोरचा विषय बदलू लागला तर तेथून उठावे. सिबिल खराब असलेल्याला खऱ्या कर्जाचा दर जास्तच पडतो. तो परवडत नसेल तर गाडी वर्षभर लांबवावी. मी आता कामापुरता छोटा हत्ती भाड्याने घेतो.

दोन कोऱ्या धनादेशांपैकी एक मध्यस्थांसमोर परत मिळाला. दुसरा हरवला असे शेडवाला सांगतो. त्या धनादेशाचा क्रमांक मी बँकेत लेखी देऊन पेमेंट थांबवले आहे आणि त्या अर्जाची पोच पत्नीने तिच्या पेटीत ठेवली आहे, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून.