जुन्या हायब्रिडची बॅटरी: एक मॉड्यूल, रिफर्बिश्ड पॅक की नवा पॅक?

हायब्रिड गाडीला लावलेल्या स्कॅनरवर पी0ए80 कोड (मुख्य बॅटरी बदला, असा इशारा) आला की मुख्य बॅटरी बाद झाली असं धरून सगळे दर विचारत सुटतात. त्याआधी दोन गोष्टी बघा. 12 व्होल्टची छोटी बॅटरी मरगळली असेल तर डॅशबोर्डवर भलतेसलते इशारे लागतात. आणि मागच्या सीटजवळच्या कूलिंग फॅनची जाळी केसा-धुळीने बुजली असेल, तर उद्या बसवलेला नवा पॅकही तापून लवकर जाईल.

मुख्य बॅटरी, म्हणजे पॅक, अनेक मॉड्यूलचा (छोट्या बॅटऱ्यांचा) बनलेला असतो. त्यातलं खराब मॉड्यूल तेवढं बदलणं सगळ्यांत स्वस्त. 2004 ते 2009 च्या टोयोटा प्रियसमध्ये अशी 28 मॉड्यूल एकामागे एक जोडलेली असतात. प्रत्येकात 1.2 व्होल्टचे सहा सेल, एकूण 201.6 व्होल्ट. पॅक उघडून मीटर लावला आणि बाकीची 7.8 व्होल्टच्या आसपास असताना एकच 6.5 दाखवत असेल, तर त्यातला एक सेल गेला. ते बदललं की गाडी चालू लागते, पण उरलेली 27 त्याच वयाची आणि तितकीच तापलेली. त्यांतलं पुढचं कधी जाईल याचा नेम नाही, आणि गेलं की मजुरी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बदली मॉड्यूलची क्षमता इतरांशी जुळली नाही, तर भरताना-उतरताना ते कायम मागेपुढे होत राहतं. गाडी वर्षभरात काढायचीच असेल तर हे ठीक. मात्र घेणाऱ्याला तसं सांगा.

रिफर्बिश्ड, म्हणजे जुनाच पण दुरुस्त करून विकलेल्या पॅकमध्ये सगळा खेळ करणाऱ्याच्या हाताचा. नीट काम करणारा प्रत्येक मॉड्यूल चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता मोजतो, लोडवर तपासतो, गंजलेल्या तांब्याच्या पट्ट्या बदलतो. दुसरा नुसती कमजोर मॉड्यूल काढतो आणि वरून पुसून देतो. क्षमतेचे आकडे लेखी मागा आणि वॉरंटीत मजुरी धरली आहे का ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सरळ उठा.

गाडी आणखी चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर माझं मत नव्या पॅकला. महाग आहे, पण एकदाच उघडझाप. सेल खरंच नवे आहेत ना आणि ते कधी बनले, हे पाहून घ्या. जुना पॅक परत दिल्यावर किती वळते होतात तेही विचारा. मूळ निकेल पॅकच्या जागी बसवायचं लिथियम किट हलकं असतं, पण मूळ गाडी निकेल बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग सांभाळते. दुरुस्त करणारा जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मात्र एवढा खर्च करण्याआधी इंजिन बघा. 2010 ते 2015 च्या प्रियसमध्ये ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी वाट) तुंबणं आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जाणं या नेहमीच्या तक्रारी. कूलंट गुपचूप कमी होत असेल, सकाळी गार इंजिन सुरू होताना थडथडत असेल, तर नवा पॅक घालण्यात अर्थ नाही.

घरी उघडायचा विचार असेल तर आधी इन्सुलेटेड हातमोजे घाला, मग नारिंगी सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट तोडणारा) काढून किमान दहा मिनिटं थांबा. प्लग निघाला तरी पॅकच्या आतली मॉड्यूल जिवंतच असतात.