बचत गटाचं कर्ज की मायक्रोफायनान्सचं?

मानखुर्दच्या एका ताईंना घराच्या ओट्यावरच किराणा-बिस्किटांचं दुकान थाटायचंय. तीसेक हजार कमी पडतायत. बचत गटातून उचलू की मायक्रोफायनान्स कंपनीकडून, म्हणजे तारण न घेता छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीकडून, असं विचारत होत्या.

व्याजाचं आधी. गटात महिना शेकडा 2 असेल तर वर्षाचे 24 होतात. कंपनीचंही साधारण 20च्या वरच असतं. म्हणजे स्वस्त कुणीच नाही! पण गटाचं व्याज गटाच्याच पेटीत राहतं. कंपनीकडे प्रक्रिया शुल्क, विमा कापून रक्कम हातात येते, तेव्हा मंजूर किती यापेक्षा हातात किती ते विचारा.

वेळेत कंपनी पुढे. नव्या गटाला बँकेचं कर्ज मिळायला निदान सहा महिने नियमित बचत लागते.

खरी गोम हप्त्यात आहे. जुलैत गल्लीत पाणी शिरलं, साखरेचं पोतं भिजलं, तरी कंपनीचा माणूस ठरल्या वारी हजर. गटात बोलणी खावी लागतात, पण महिनाभर थांबतात. रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. हे एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

गट जुना असेल आणि दुकान हळूहळू वाढवायचं असेल तर गटच बरा. गणपतीआधी माल भरायचाय, रोजचा गल्ला पक्का आहे, तर कंपनी चालेल. दुकान अजून सुरूच नसेल तर कंपनीकडून नको.